लेंटचा उपवास आणि आपली प्रकृती

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात पित्ताचे रुग्ण वाढतात. रमजानच्या महिन्यात मधुमेहाचे काही रुग्ण नेहमीपेक्षा उशिरा, रोजा सोडून झाल्यावर येतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लेंट सुरू झाला की गावातील ख्रिस्ती वस्तीतून चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठ अशा तक्रारी घेऊन मंडळी येऊ लागतात. तालुक्याच्या गावी २८ वर्षे जनरल प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला सगळ्या धर्मांची पंचांगे आपोआप पाठ होतात. एकादशी आणि श्रावणी सोमवार यांवर या सदरात पूर्वी लिहून झाले आहे. लेंटवर मात्र एकदाही लिहिले नाही, याकडे एका वाचक भगिनीने पत्र पाठवून लक्ष वेधले. त्यांच्या सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेही, आणि लेंटचे उपवास सोडायला मुळीच तयार नाहीत. ‘तुम्ही पेपरात लिहिले तर त्या वाचतील, माझे ऐकत नाहीत,’ असे पत्रात आहे. तेव्हा आजचा लेख मुख्यतः त्या सासूबाईंसाठी. इतरांनी वाचायला हरकत नाही, कारण उपवास करणारे शरीर कोणत्याही धर्माचे असले तरी आतील कारभार सारखाच असतो.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेंट म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. येशू ख्रिस्ताने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. कॅथलिक देवळांत त्या दिवशी कपाळाला राख लावतात. मागील वर्षीच्या झावळ्या जाळून ती तयार केलेली असते. बुधवार ते ईस्टर मोजले तर दिवस ४६ भरतात, पण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा आनंदाचा दिवस. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, म्हणून राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत केव्हाही येऊ शकतो. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे येथील कित्येक घराण्यांत हा काळ पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, कोणी एक वेळ जेवतो, कोणी तंबाखू सोडतो. आणि काही जण दारू सोडतात.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घरी आषाढी एकादशी असते आणि तीही साबुदाण्याच्या खिचडीपुरतीच. लेंटकडे माझे लक्ष गेले ते माझ्याच एका चुकीमुळे. ती चूक सांगणे जरा अवघड आहे, पण सांगतो.

२०१६ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला होता. त्याआधी सोमवारी संध्याकाळी एक टेंपोचालक रक्तदाब तपासायला आला. वय ४२, पिण्याची सवय गावाला माहीत असलेली. जाताना दारात थांबून म्हणाला, ‘‘डॉक्टर, बुधवारपासून बंद. ईस्टरपर्यंत थेंब शिवायचा नाही. पाळकसाहेबांसमोर शब्द दिलाय.’’ मी खूश झालो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, ‘‘शाब्बास! आणि ईस्टरनंतरही बंदच ठेव.’’ बाहेर पंधरा रुग्ण बसले होते. रोज किती घेतोस, किती वर्षे घेतोस, सकाळी उठल्यावर हात थरथरतो का, यांतला एकही प्रश्न मी त्याला विचारला नाही. हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागले असते.

बुधवारी त्याने खरोखरच शब्द पाळला. गुरुवारी हातापायांना कंप सुटला, घाम फुटू लागला, झोप नाही, अन्न नको. घरच्यांना वाटले, सैतान परीक्षा बघतो आहे. शेजारपाजारचे येऊन प्रार्थना करून गेले. शुक्रवारी रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. घरात नसलेल्या टेंपोमालकाशी तो भाडे ठरवू लागला, अंगणात जाऊन हवेतच गाडीचे स्टेअरिंग फिरवू लागला. शनिवारी पहाटे त्याची बायको मला उठवायला आली. मी गेलो तेव्हा नाडी मिनिटाला १३० च्या वर, अंगात ताप, मला ओळखत नव्हता. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. वाचला. पण तो वाचला यात माझे श्रेय फारसे नाही. आजारी पडला यात मात्र वाटा आहे.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोने मला विचारले, ‘‘डॉक्टर, इतकी वर्षं पीत होता तेव्हा काही झालं नाही. देवासाठी सोडली तर देवानं असं का करावं?’’

देवाच्या बाजूने उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. वैद्यकाच्या बाजूने उत्तर आहे, आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. दारू मेंदूला गुंगी आणते, म्हणजे मेंदूचा वेग कमी करते. रोज ही गुंगी मिळत राहिली की मेंदू तिच्यावर उपाय शोधतो. दारूने वेग कमी होणारच हे धरून तो आपले इंजिन कायम वाढवून ठेवतो. ब्रेक दाबलेला आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरही दाबलेला आहे, अशा स्थितीत गाडी वर्षानुवर्षे चालते. वरवर बघता सगळे ठीक. मग एके दिवशी ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर काय होईल, हे टेंपोचालकाच्या बायकोला मला समजावून सांगावे लागले नाही.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, धडधड, मळमळ, चिडचिड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही त्यालाही येते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात-ऐकू येतात, ताप चढतो, नाडी वाढते. याला डॉक्टरी भाषेत डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. सणावारी एखादे वेळी घेणाऱ्याला हा धोका नाही. जो रोज घेतो, ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यासाठी घ्यावी लागते, ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता, त्याने घरी एकदम बंद करू नये. बंद करू नये म्हणजे पीत राहावे असे नव्हे! डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावी. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम गोळ्या पहिले काही दिवस पुरेशा मात्रेत देऊन मग रोज थोड्या कमी करत आणतात. दारूने सोडलेली जागा त्या तात्पुरती धरून ठेवतात. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून त्या दुकानातून स्वतः आणून घेण्याच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या व्यवसायबंधूंनीही वाचावी. दारुड्या माणूस थकून आला की आपल्याकडे पहिली मागणी ‘एक सलाईन लावा’ ही असते. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा दुष्काळ असतो. अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर उरलेसुरले थायमिन ते ग्लुकोज पचवण्यात संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम आहे.

तो टेंपोचालक घरी परतल्यावर पाळकसाहेब मला भेटायला दवाखान्यात आले. आम्ही दोघेही ओशाळलेलो होतो. त्यांनी शब्द घेतला होता आणि मी शाबासकी दिली होती. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पुढच्या वर्षी लेंटच्या प्रत्येक रविवारी उपासना संपल्यावर दहा मिनिटं तुमची. मी आत्म्याचं बोलतो, तुम्ही देहाचं बोला.’’ मी एकच दुरुस्ती सुचवली. लेंटमधील पहिल्या रविवारी बोलून उपयोग नाही, तोवर बुधवार उलटून गेलेला असतो. सुरुवात बुधवाराच्या आधीच्या रविवारी करायची. २०१७ पासून हा परिपाठ चालू आहे. कोविडच्या काळात खंड पडला, एरवी दर आठवड्याला माझी दहा मिनिटे ठरलेली. मागच्या बाकावरची मुले मी उभा राहिलो की घड्याळ बघतात, एवढे सोडले तर मंडळी ऐकून घेते.

या दहा मिनिटांनी शिकवले मलाच जास्त. एका रविवारी मी मोठ्या तावातावाने सांगत होतो, की शरीराची हेळसांड करून देवधर्म करू नये. संपल्यावर पाळकसाहेबांनी एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. तो जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूत आला, त्याने उपदेश केला नाही. उठवले, भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. मगच पुढच्या वाटेला लावले. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि जेवण, मग बोलणे, हे मानसोपचाराच्या पुस्तकात मी शिकलो होतो. इतक्या जुन्या गोष्टीत सापडेल असे वाटले नव्हते. दुसरीकडे, पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे, हे वचन पिणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पाठ असते. त्याच्या मागची-पुढची वचने मात्र कोणाला पाठ नसतात!

आता मधुमेहाकडे वळतो, कारण पत्रातील सासूबाई वाट बघत असतील.

२०१८ साली गुड फ्रायडे ३० मार्चला आला होता. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते. ख्रिस्ताने क्रुसावर उच्चारलेल्या सात शब्दांवर एकेक जण बोलतो. मार्चअखेरचे ऊन, वर पत्रे, आणि बहुतेक मंडळी सकाळपासून उपाशी. तिसऱ्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. गावातील निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली आहे, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. अडीचच्या सुमारास बाईंची मान खाली गेली, ओठ पुटपुटू लागले, डोळे अर्धे मिटले. शेजारच्या स्त्रियांना वाटले, बाई प्रार्थनेत तल्लीन झाल्या. कोणी हात लावला नाही. पाठीमागे नर्सिंगला शिकणारी एक मुलगी होती, तिला बाईंच्या मानेवर घामाचे थेंब दिसले. तिने हात धरला तर थंडगार. कोणाच्या तरी पिशवीत साखर तपासण्याचे यंत्र होते. आकडा आला ४२.

बाई सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन आल्या होत्या. गोळी घेतली आणि अन्न घेतले नाही. शुद्ध हरपली नव्हती, गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले आणि पंधरा मिनिटांत बाई सरळ बसल्या. आणखी अर्धा तास सगळ्यांनी ती तल्लीनताच समजली असती तर काय झाले असते, हे मी येथे लिहीत नाही.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, आणि उपवासाच्या बाबतीत हाच फरक जीव वाचवतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवला आहात की नाही, हे त्या विचारत नाहीत. इंजेक्शनच्या इन्सुलिनचेही तसेच. उपाशीपोटी ही औषधे घेतली तर साखर ७० च्या खाली घसरते. हात कापतात, घाम येतो, भूक भडकते, बोलणे अडखळते आणि पुढे माणूस बेशुद्ध होतो. वयस्कर माणसे आणि ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांना धोका अधिक. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम तर लांबतो. साखर देऊन शुद्धीवर आलेला माणूस काही तासांनी पुन्हा घसरू शकतो, म्हणून त्याला घरी एकटा ठेवू नये. मेटफॉर्मिनने एकटीने साखर सहसा एवढी खाली जात नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांनी साखर एकदम घसरत नाही, पण लांबलचक उपवासात आणि पाणी कमी प्याल्यास रक्तात आम्ल साठू शकते; मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात आणि गंमत अशी की यंत्रावर साखर फार वाढलेली दिसत नाही. त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

यावर ‘उपवासाच्या दिवशी सगळ्याच गोळ्या बंद’ हा तोडगा बरेच जण स्वतःच काढतात. तो आणखी वाईट. इन्सुलिनवर असलेल्याने इन्सुलिन पूर्ण बंद केले तर साखर दुसऱ्या टोकाला जाते. रक्तदाबाची गोळी बंद केली तर गुड फ्रायडेच्या उन्हात रक्तदाब कोठे जाईल सांगता येत नाही. कोणती गोळी कमी करायची, कोणती वेळ बदलायची, कोणती तशीच ठेवायची हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते उपवासाच्या आधी ठरवायचे असते.

साखर घसरलीच तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, ७० च्या वर आली की काहीतरी खायला घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून दवाखाना गाठावा.

आता एक प्रश्न उरतो, तो बाईंनीच मला विचारला. ‘‘आजारी आहे म्हणून मी उपवास सोडायचा? मग माझा लेंट कसला?’’ कॅथलिक पंथात याचे उत्तर नियमातच आहे. तेथे उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते, तेही मुख्यतः दोनच दिवशी, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडेथोडके खायची मुभा आहे. आजारी आणि गरोदर स्त्रियांना त्यातूनही सूट मिळते. मांस वर्ज्य करणे वेगळे, ते वयाच्या १४ वर्षांपासून. बाई प्रॉटेस्टंट, त्यांना असा लेखी नियम नाही, म्हणून नियमही त्यांचा त्यांनीच कडक केलेला. पाळकसाहेबांनी त्यांची समजूत घातली. उपवास करताना तोंड सुकलेले दाखवू नका, तोंड धुऊन प्रसन्न राहा, असे खुद्द ख्रिस्ताने शिष्यांना सांगितले आहे; घामाने थबथबलेले तोंड घेऊन तिसऱ्या रांगेत बसा असे सांगितलेले नाही. बाई हसल्या. तेव्हापासून लेंटमध्ये त्या जेवण सोडत नाहीत, टीव्हीवरची मालिका सोडतात. ते अधिक कठीण जाते म्हणतात.

लेंटमध्ये अन्न कमी होते अशी समजूत असली तरी कधी कधी उलटे घडते, हेही नोंदवतो. आमच्या वस्तीत या काळात रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनासभा असते. प्रार्थना झाली की चहा. यजमानीण आग्रह करते, नाही म्हणता येत नाही. चहात दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम. चाळीस संध्याकाळी मिळून पाव किलोच्या वर, ४०० ग्रॅम साखर नुसत्या प्रार्थनेच्या चहातून पोटात जाते. बिस्किटे आणि फरसाण निराळे. मटण सोडलेले बरेच जण शुक्रवारी सुकट-बोंबिलावर येतात. सुकी मासळी प्रथिनांनी भरलेली, पण मिठानेही भरलेली. रक्तदाबाच्या माणसाने ती गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून द्यावी आणि वरून मीठ घालू नये. मागील काही वर्षे तीन-चार घरांनी प्रार्थनेनंतर चहाऐवजी ताक आणि भाजलेले शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली आहे. पहिल्या वर्षी टीका झाली, आता कोणी काही म्हणत नाही.

तंबाखूबद्दल थोडक्यात. दारूच्या उलट, तंबाखू, मिश्री, बिडी एकदम सोडली तरी जिवाला धोका नाही. चिडचिड, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. म्हणजे लेंट संपतो तोवर शरीराची मागणी जवळजवळ संपलेली असते. मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी निम्मे लोक पुन्हा चुना का मळतात? मागणी शरीराची नसून हाताची, वेळेची, सोबतीची असते म्हणून. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवसांत जमले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. चाळीस दिवस हा आकडा पवित्र असला तरी सरासरी माणसाला थोडा अपुरा पडतो. हे मी एका रविवारी सांगितल्यावर पाळकसाहेबांनी जागच्या जागी हिशेब केला: राखेच्या बुधवारपासून ६६ वा दिवस ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात येतो. त्यांनी जाहीर केले, की ज्यांनी तंबाखू सोडली आहे त्यांचा लेंट पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतर आणखी सात आठवडे चालेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या या रविवारच्या हजेरीमुळे काही वाचकांनी विचारले आहे, की श्रद्धेने प्रकृती सुधारते असे डॉक्टर मानतात काय? जेवढे तपासले गेले आहे तेवढे सांगतो. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांचा सोळा वर्षे पाठपुरावा करून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले गेले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा एक-तृतीयांशाने कमी होते. कॅलिफोर्नियातील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीय, ज्यांचे आपल्याकडे पुण्याला स्पायसर विद्यापीठ आहे, त्यांच्यावरील २००१ मधील अभ्यासात पुरुष इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा सुमारे सात वर्षे आणि स्त्रिया सुमारे साडेचार वर्षे जास्त जगतात असे दिसले. पण ही मंडळी विडी-दारूला शिवत नाहीत, बरेच जण शाकाहारी आहेत, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घेतात. श्रेय श्रद्धेचे किती आणि सवयींचे किती, हे वेगळे काढणे कठीण. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने आजार बरा होतो का, हेही तपासले गेले आहे. हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अभ्यासात, २००६ मध्ये, असा काही फायदा आढळला नाही. म्हणून प्रार्थनेला माझी कधीच हरकत नसते. प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करण्याला असते. एखाद्या सभेत ‘तुम्ही बरे झालात’ असे सांगितल्यावर क्षयाची औषधे तिसऱ्या महिन्यात नाल्यात टाकणारा रुग्ण मी पाहिला आहे. त्याच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

टेंपोचालकाचे पुढे काय झाले, हे विचारणारच. २०१६ चा ईस्टर त्याने कोरडा काढला आणि एप्रिलमध्ये पुन्हा प्यायला. २०१७ च्या लेंटआधी या वेळी मी तीनही प्रश्न विचारले. तो पुण्याला मुक्तांगणमध्ये दाखल झाला, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले हे व्यसनमुक्ती केंद्र. तेथून आल्यावर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका डॉक्टरने, दोघेही पिणारे, सुरू केली. दर आठवड्याला जमायचे, आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची, आणि ‘आज एक दिवस नाही’ एवढेच ठरवायचे. मध्ये एकदा तो घसरला, पुन्हा सावरला. आता राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी तो चर्चच्या फाटकाशी उभा असतो. नवा कोणी ‘सोडतो’ म्हणाला की त्याला बाजूला घेऊन विचारतो, ‘‘सकाळी हात थरथरतो का रे?’’ हो म्हणाला तर त्याचा हात धरून माझ्याकडे घेऊन येतो. मी चहा घेत असलो तरी.

आता सासूबाई, तुमचे. बुधवारच्या आधी निदान आठ दिवस, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे जा. नावे सांगू नका, पाकिटेच दाखवा. उपवास म्हणजे उपाशी राहणे न ठरवता साधे जेवण ठरवा: भाकरी, पालेभाजी, वरण, ताक, वेळेवर आणि थोडे. पाणी भरपूर. उपवासाच्या दिवशी सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता साखर तपासा आणि ७० च्या खाली आली तर तेथेच, चर्चमध्ये बसल्या असाल तरी, उपवास मोडा. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा आणि शेजारी बसणाऱ्या बाईला तिची जागा सांगून ठेवा. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता असे सूनबाईंच्या पत्रात आहे. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायचीच असते. पाण्याने उपवास मोडत नाही, हे मी पाळकसाहेबांना विचारून लिहीत आहे.